मेलेल्या दिराशी पत्रव्यवहार

कोट सुजाण, तरनतारनजवळ
श्रावण, संवत १८९६

दीर जवंद सिंगाला वहिनी हुकम कौरची फतेह.

लाहोरचे महाराज गेले, हे तुझ्या पत्राआधी आम्हाला न्हाव्यानं सांगितलं. न्हाव्याला पाय आहेत. तुला नुसत्या मिशा. गावात त्या दिवशी कुणी चूल पेटवली नाही. मी पेटवली. कोण मेलं ते म्हशीला कळत नाही, तिला आंबोण लागतं. आणि तुझी बायको आसो रडून रडून भोवळ येऊन पडली होती, तिला भाकरी लागत होती. शेजारची जिवां भिंतीवरून म्हणाली, "हुकमी, तुला काळीज आहे की नाही?" म्हटलं, "आहे गं बाई, पण ते जेवल्याशिवाय चालत नाही."

तू लिहितोस, राज्य खैबरपासून सतलजपर्यंत पसरलंय, त्याला काही होत नाही. एका डोळ्याच्या महाराजांनी ते जन्मभर नजरेखाली ठेवलं. आता दोन-दोन डोळ्यांचे एवढे सरदार दरबारात उभे आहेत, त्यातल्या एकाला तरी नाकापुढचं दिसतंय का?

लाहोरला गेल्यापासून तुला वाटतं की राज्य आभाळातून पडलं. पठाण पळाले तेव्हा तुझा आजोबा घोड्यावर बसला आणि दौडत सुटला. जे गाव लागेल तिथे अंगावरचं काहीतरी फेकायचं, की ते गाव आपलं. सगळे तसंच करत होते. आजोबानं एका गावात शेला फेकला, एकात म्यान, एकात कमरपट्टा. कोट सुजाणला पोचला तेव्हा अंगावर कछेऱ्याची चड्डी आणि पायात जोडा उरला होता. मग जोडा फेकला. एवढ्या गावांपैकी हे एकच आपल्याकडे राहिलं, कारण अनवाणी पुढे जाववेना म्हणून तो इथेच बसला. बाकीची गावं मागून येणाऱ्यांनी उचलली. फेकणं सोपं असतं, जवंदा. राखायला बूड टेकावं लागतं.

तुझा थोरला भाऊ, माझा नवरा, खैबरच्या तोंडाशी मेला. त्याचं मी काही मागत नाही. घरात पुरुष म्हणजे एक धाकटा दित्ता उरलाय. तो नांगर धरतो, रहाट हाकतो, आणि कुणी मोठ्यानं बोललं की उसात जाऊन बसतो. आसोला लग्न करून आणलीस आणि एक पेरणी होईपर्यंत राहिलास. घरी ये. राजाचं सुतक फिटलं की ये.

गुळाची ढेप पाठवते आहे. उंटवाल्यानं कुरतडली नाही तर पोचेल.

हुकम कौर

*

लाहोर छावणी
मार्गशीर्ष, संवत १८९८

वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह. पूज्य वहिनीस जवंद सिंगाचा नमस्कार.

दोन वर्षांमागचा गूळ अर्धाच पोचला. तुझं पत्र पूर्ण पोचलं. उलटं झालं असतं तर बरं होतं.

तू खेड्यात बसून राज्याच्या गोष्टी करू नयेस. थोरल्या महाराजांमागे त्यांचे चिरंजीव बसले, ते वारले. त्यांचे चिरंजीव बापाला अग्नी देऊन परतताना दरवाजाची कमान अंगावर कोसळून गेले. मग भांडण झालं, तोफा चालल्या, आता दुसरे बसलेत. हे सगळं खरं. पण वहिनी, राजा म्हणजे काय? पगडीवरचा तुरा. डोकं म्हणजे फौज. आणि आता फौजेनं स्वतःचं डोकं वापरायचं ठरवलंय. प्रत्येक तुकडी आपले पंच निवडते. पंच बसतात, ठरवतात, आणि सरदाराला ते ऐकावं लागतं.

आमच्या तुकडीनं मला पंच निवडलंय.

परवा एक सरदार, ज्याच्या दारात हत्ती झुलतो, माझ्यापुढे हात जोडून उभा होता. मी त्याला उभंच ठेवलं. आमचा फिरंगी कवायत मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाला, "फौज अशी चालत नाही, सिंगजी." आमच्यातला एक ओरडला, "मग तू चालता हो!" आणि तो खरंच गेला. अख्खी छावणी हसली.

अशा वेळी मी घरी येऊन रहाट हाकू? आसोला सांग, तिचा नवरा पंच आहे. दित्त्याला सांग, ताठ चालत जा, तू पंचाचा भाऊ आहेस.

जवंद सिंग, पंच

*

कोट सुजाण
पौष, संवत १९०१

पंचाला फतेह.

तुझा निरोप दित्त्याला तेव्हाच सांगितला. तो चार पावलं ताठ चालला आणि शेणात पाय घालून आला.

मध्ये तू एकदा घरी येऊन गेलास ते बरं केलंस की वाईट, अजून ठरत नाही. आठवडाभर अंगणात बैलांपुढे फिरंगी कवायत करून दाखवलीस, गावातली पोरं गोळा केलीस, आणि रहाटाची मोडलेली माळ तशीच ठेवून गेलास. बैल मात्र तेव्हापासून थांबायला शिकले आहेत.

आता तुमच्या लाहोरचं. तो दुसरा राजाही गोळी घालून मारला. त्याचं पोर मारलं. वजीर मारला. मारणारे मारले. मग नवा वजीर आला, या महिन्यात तोही मारला. गादीवर लहान पोर बसवलंय आणि सगळे त्याचे मामा व्हायला धावताहेत. आमच्याकडे नवरा मेला की धाकटा दीर बाईवर चादर टाकतो, तिला घरात ठेवतो, आणि मग निदान तिला जेवायला घालतो. तुमचं तख्त दर हंगामाला विधवा होतं, आणि जो चादर टाकायला येतो तो चादरीसकट जळतो. आणि तू तिथे बसून ठराव करतोस.

आता मुद्द्याचं. आसोचा बाप आला होता. बाजेवर बसला, ताकाचा पेला हातात घेतला आणि प्याला नाही. तेव्हाच मला कळलं, काहीतरी आहे.

म्हणाला, "हुकम कौर, माझ्या लेकीची मांडी रिकामी आहे."

म्हटलं, "मांडी भरणारा लाहोरला ठराव भरतोय."

"मग मी काय म्हणतो, दित्ता आहे ना घरात? त्यालाही बायको मिळालेली नाही. चादर टाकू द्या."

मला एवढा राग आला की त्याच्या हातातला पेला काढून घेतला. म्हटलं, "काका, चादर मेलेल्याच्या बायकोवर पडते. जिवंत माणसाच्या बायकोवर चादर टाकणाऱ्या घरात पुढे भाऊ भावाचा गळा कापतो. माझा दीर जिवंत आहे. बिनडोक आहे, पण जिवंत आहे."  आसो दाराआड चरख्यापाशी बसली होती.  चरखा तिनं इतक्या जोरानं फिरवला की सूत तुटलं.

तिच्या बापाला मी एकदा परत पाठवला. आता तू ये, जवंदा. ठराव दुसऱ्या कुणाला तरी करू दे. मूर्ख लोक लाहोरात कमी नाहीत.

हुकम कौर

*

सतलजच्या काठावरून
मार्गशीर्ष अखेर, संवत १९०२

वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह.

वहिनी, हे माझं शेवटचं पत्र. शांत चित्तानं वाच आणि सगळ्यांना वाचून दाखव.

खालसा फौज नदी ओलांडते आहे. इंग्रज पलीकडे जमतो आहे, तो आपल्या अंगावर येण्याआधी आपण जायचं, असं सगळ्या पंचांनी मिळून ठरवलं. एक म्हातारा पंच उठून म्हणाला, "पोरांनो, तुम्हाला लढायला पाठवण्याची दरबारालाच घाई का झाली आहे, ते आधी विचारा. त्यांना तुमची इंग्रजाहून जास्त भीती वाटते." मी त्याला म्हटलं, "बाबा, दात पडले की माणसाला सगळीकडे फितुरी दिसते." सगळे हसले. बाबा बसला.

मग मी एक ठराव मांडला, आणि आमच्या तुकडीनं तो जयघोषात मान्य केला. प्रत्येकानं स्वतःची अंत्य अरदास, मेल्यावर करतात ती प्रार्थना, जिवंतपणीच करून घ्यायची, म्हणजे मागे वळायला काही उरत नाही. त्याप्रमाणे आज ग्रंथसाहेबापुढे भाईजींनी माझं नाव घेऊन, बापाचं नाव घेऊन, गावाचं नाव घेऊन अरदास केली. कडाहप्रसादाचा शिरा वाटला. मी माझ्याच मरणाचा प्रसाद खाल्ला, वहिनी. तूप जरा कमी होतं.

तेव्हा आजपासून मी तुमचा राहिलो नाही. मला मेलेला समजा. माझी वाट पाहू नका. आसोला सांग, ती आजपासून शहिदाची विधवा आहे, तिनं मान वर करून चालावं. उत्तर पाठवू नकोस. मेलेल्याला पत्र पोचत नाही.

पंथाचा सेवक,
शहीद जवंद सिंग

*

लाहोर
वैशाख, संवत १९०४

पूज्य वहिनीस जवंद सिंगाचा नमस्कार. तुम्ही सगळे सुखरूप असाल.

पत्र पाहून नवल वाटेल. मी आहे.

नदीवरचा होड्यांचा पूल मागे आमच्याच लोकांच्या भारानं मोडला. मोडला की कुणी मोडवला, यावर अजून वाद चालतो. पुढे इंग्रजांच्या तोफा, मागे फुगलेली नदी. ज्यांना आम्ही पुढारी मानत होतो ते आधीच अलीकडे परतले होते. त्या म्हाताऱ्या पंचाला मी पाण्यात पाहिलं. त्याची पगडी सुटून लांब तरंगत होती. मी तोफखान्याच्या एका बैलाच्या शेपटीला धरून अलीकडे आलो. बैल मेला.

त्यानंतर लगेच लिहिणं जमलं नाही. एवढं लिहून पाठवल्यावर काय लिहायचं, ते सुचत नव्हतं. तुकडीतले जे वाचले ते एकमेकांकडे पाहत नाहीत. फौज कापून लहान केली, पण मला ठेवलंय. पंच बंद झाले. लाहोरात आता इंग्रज साहेब राहतो आणि सगळं त्याला विचारून होतं, पण नावाला दरबार आपलाच आहे.

दसऱ्याला रजा मिळेल. घरी येतो. दित्त्याला म्हणावं, माझ्या खोलीचं छप्पर शाकारून ठेव. आसोला सांग, फार वाट पाहायला लावली. तिच्यासाठी फुलकारीची ओढणी घेतली आहे, तांबड्यावर पिवळी.

जवंद सिंग

*

कोट सुजाण
ज्येष्ठ, संवत १९०४

मेलेल्या दिराला फतेह.

तुझं पत्र न्हाव्यानं आणलं, माझ्या हातात दिलं आणि पळत सुटला. नंतर कळलं, तो घरी जाऊन ताप येऊन पडला. त्याला वाटलं, मी भुताचं टपाल घेते.

आधी मी ते पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग चुलीतलं लाकूड बाहेर ओढून ठेवलं, कारण भाकरी करपत होती आणि मला उठवत नव्हतं. मग बसून तुला एवढ्या शिव्या दिल्या की जिवां भिंतीवरून म्हणाली, "कोण आलंय गं?" म्हटलं, "कुणी नाही. कुणीतरी गेलं नाही."

तू मेलास हे आम्हाला कुणी सांगितलं? तूच. आम्ही अडाणी माणसं. कागदावर लिहिलं असतं ते वाचतो. पत्राखाली "शहीद" म्हणून सही तुझी. गावच्या धर्मशाळेत ग्रंथसाहेबापुढे इथल्या भाईजींनी ते पत्र मोठ्यानं वाचलं, गाव रडलं. तुपाचं वाक्य आलं तिथे थोडं थांबलं, आणि परत रडलं. पूल मोडल्यावर शेजारच्या गावचा भग्गा ओल्या अंगानं घरी आला. त्यानं गुरूची शपथ घेऊन सांगितलं की तुला पुलावर पाहिलं आणि मग पूल पाहिला नाही. आता मला सांग, एका माणसाची अंत्य अरदास झालेली, त्याच्या हातचं पत्र, वर साक्षीदार. आणखी काय पाहिजे होतं? प्रेत बोलायला पाहिजे होतं?

ते बोललं, पण वर्ष उलटून गेल्यावर.

पाऊस सरेपर्यंत मी थांबले. आसोचा बाप पुन्हा आला. या वेळी त्यानं ताक पिऊन टाकलं आणि म्हणाला, "आता?"  गावची वडीलधारी बसली. दित्ता उसात जाऊन बसला होता. त्याला दोघांनी काखेत धरून आणला. तो रडत होता. म्हणाला, "भाऊ आला तर मला मारेल." मी म्हटलं, "तुझा भाऊ स्वतःच्या मरणाचा प्रसाद खाऊन गेलाय, तो कुठून येतो?" हे वाक्य माझंच. परत दे म्हटलं तरी देता येत नाही.

चादर पडली, जवंदा. पांढरी, माझ्याच पेटीतली. एक टोक मी धरलं होतं. गूळ वाटला. आसोच्या हातात बांगड्या घातल्या. आता तिला दिवस गेलेत.

फुलकारी विकून टाक. छप्पर शाकारलेलं आहे. त्याखाली ते दोघं झोपतात.

हुकम कौर

*

लाहोर
आषाढ, संवत १९०४

हुकम कौर,

हे लग्न नाही. ती चादर फाडा. मी पंच होतो, मला रीत शिकवू नका. जिवंत माणसाच्या बायकोवर चादर पडत नाही, हे तुझंच वाक्य आहे, तूच लिहिलं होतंस.

आसोला तिच्या खोलीत वेगळं बसवा. दित्त्यानं घर सोडावं. दसऱ्याला मी येतो आहे, तलवार घेऊन येतो आहे. मी उंबऱ्यात पोचेन तेव्हा त्या घरात दोन भाऊ असले, तर संध्याकाळी एकच असेल.

जवंद सिंग

*

कोट सुजाण
श्रावण, संवत १९०४

जवंद सिंगाला.

पंच गेले, हुकूम काही गेला नाही.

तुझं पत्र मी दोघांनाही वाचून दाखवलं.  दित्ता उठला, गाठोडं बांधलं आणि निघाला. त्याच्यापुढे जाऊन आसो दारात बसली. पोटुशी बाई दारात बसली की ओलांडून जाता येत नाही. गाठोडं काखेत धरून तो उभाच राहिला.

मी तिला म्हटलं, "बाई, बाप बोलला, गाव बोललं, मी बोलले. तुला कुणी विचारलं नाही. आता विचारते. तुझा पहिला नवरा जिवंत आहे. काय करायचं?"

आसो म्हणाली, "तो पत्रात विधवा हो म्हणाला, मी झाले. मान वर करून चाल म्हणाला, चालले. त्याच्यासाठी मी पोटभर रडले, वहिनी. एका माणसाला दोनदा रडत नाहीत."

"आणि तो तलवार घेऊन आला तर?"

"तर त्याला विचारेन, सतलजवर कुठे होती."

मला हसू आलं. तुझ्या बायकोला तोंड आहे हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं. तुला तर नाहीच.

वाक्य माझं होतं हे खरं. त्याचा दुसरा अर्धाही माझाच होता, की अशा घरात भाऊ भावाचा गळा कापतो. ते तुला लाहोरात शिकायला मिळालं. तिथे हेच चाललं ना? हा त्याला, तो याला, पुतण्या काकाला. एवढं मोठं राज्य, तोफा, फिरंगी मास्तर, हत्ती, आणि शेवटी काय उरलं? एक पोर आणि एक साहेब. माझ्याकडे राज्य नाही. एक रहाट आहे, दोन म्हशी, थोडा ऊस. इथे मी लाहोर होऊ देणार नाही.

तलवार घेऊन येणार असशील तर येऊ नकोस. बाकी कसाही ये.

हुकम कौर

*

झेलमच्या अलीकडून
चैत्र, संवत १९०६

वहिनी,

त्या दसऱ्याला आलो नाही. साहेबानं रजा दिली नाही. तू हसली असशील.

मग पुन्हा लढाई उठली आणि मी पुन्हा गेलो. या वेळी अरदास केली नाही. कुणी ठराव मांडला नाही. फक्त लढलो आणि हरलो. पंजाबातल्याच गुजरात गावाच्या मैदानावर त्यांच्या तोफांनी गहू उभ्यानं कापला.

मग हत्यारं खाली ठेवायला सांगितली. रांग होती. प्रत्येकानं पुढे जायचं, तलवार ढिगावर ठेवायची. माझ्यापुढे एक पांढऱ्या दाढीचा शिपाई होता. त्यानं पगडीचा पदर फाडला, तलवार त्यात नीट गुंडाळली आणि मग ठेवली. एक गोरा हसला. म्हातारा त्याला म्हणाला, "लेकरा, तिला वारा लागतो." मी माझी तशीच टाकली. आवाज फार झाला. हातावर वाटखर्चीचा एक रुपया ठेवला आणि म्हणाले, जा घरी.

पंजाब आता त्यांचा. नावालासुद्धा आपला नाही.

मी घरीच येतो आहे, दुसरीकडे जायला जागा नाही. तलवार दिली, पण हात आहेत. दित्त्याचा गळा माझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक आहे. तरनतारनच्या धर्मशाळेत थांबेन. तिथून गाव दिसतं. पुढे काय करायचं ते तिथे ठरवीन.

पोराचं नाव काय ठेवलंय?

जवंद

*

कोट सुजाण
वैशाख, संवत १९०६

जवंदाला फतेह.

नव्या सरकारचा साहेब गावातही येऊन गेला. हत्यारं जमा करा म्हणाला. गावानं गंजक्या तलवारी, भाले, आजोबांच्या वेळची एक ठासणीची बंदूक आणून टाकली. दित्त्यानं भाजी चिरायची विळीसुद्धा नेऊन दिली. साहेबानं ती परत पाठवली. एवढ्या मोठ्या राज्याची एवढीशी रास झाली. म्हाताऱ्या बाया कडेला उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मी पुसले नाहीत. लोखंड गेलं. आता ही सगळी माणसं लोखंडाशिवाय काय करतात ते पाहायचंय मला.

साहेब वर मला म्हणाला, आता तुमचं राज्य सुरक्षित आहे. त्याच्याबरोबरच्या मुन्शीला म्हटलं, "याला विचार, ज्याचं काही उरलं नाही त्याला कशाची भीती?" मुन्शीनं हे सांगितलं नाही. मुन्शी शहाणा आहे, तो टिकेल.

आता तुझं. तू लिहिलंस, दित्त्याचा गळा तुझ्या हाताला ठाऊक आहे. लिहिलंस, ठीक. खाली लिहिलंस, पोराचं नाव काय. अरे मूर्खा, ज्याच्या बापाचा गळा दाबायचा त्याचं नाव कोण विचारतं? एका कागदावर दोन्ही लिहिताना तुझा हात थांबला नाही का? तुझी पत्रं मी इतकी वर्षं वाचते आहे. त्यातलं खरं वाक्य नेहमी शेवटी असतं, आणि तेही चुकून आलेलं. पोराचं नाव विचारणारा माणूस त्याच्या बापाला मारत नाही, हे मला कळलं. आसोला कळलं, तिनं पत्र ऐकल्यावर पीठ थोडं जास्त मळलं. तुला कळलंय की नाही, देव जाणे. दित्त्याला मात्र कळलेलं नाही.

तुला इथे काय मिळणार ते सांगते, म्हणजे धर्मशाळेत बसून ठराव करायला नको. बायको मिळणार नाही. ती जिथे आहे तिथे राहील. तुझी जमीन तुझी, ती कुणी खाल्ली नाही. दित्त्यानं दरसाल ती आधी नांगरली आणि आपली मागून, मूर्खासारखा. तू माझ्या बाजूच्या खोलीत राहशील. ज्या अंगणात बैलांना कवायत शिकवलीस, तिथेच आता रहाटाची माळ दुरुस्त करशील. लोक हसतील. काही दिवस हसतील, मग पेरणी येईल, मग कुणाला वेळ नाही. पोर तुला काका म्हणेल. ते कुणालाही काका म्हणतं, न्हाव्यालासुद्धा, तेव्हा फुगून जाऊ नकोस.

नाव मी लिहून पाठवत नाही. ते त्याच्या बापाच्या तोंडून ऐक.

कारण हे पत्र घेऊन येणारा दित्ताच आहे. मी न्हाव्याला पाठवत होते. दित्त्यानं सकाळी माझ्या हातातून कागद घेतला आणि म्हणाला, "मी जातो. आयुष्यभर उसात बसलो, वहिनी. भावाला भेटायला तरी मी जातो." त्याला वाचता येत नाही, यात काय आहे ते त्याला माहीत नाही. हातात काठीसुद्धा घेतली नाही. कालपासून जेवला नाही. आता तो तुझ्यासमोर उभा असेल, आणि तू हे वाचून संपेपर्यंत तो तुझ्या हातांकडे पाहत असेल.

तेव्हा ठरव. मारायचंच असेल तर तिथेच मार, इथे अंगण आत्ताच सारवलंय. नसेल मारायचं, तर त्याला आधी काहीतरी खायला घाल आणि उन्हाच्या आत दोघं निघा. चूल मी पेटवून ठेवली आहे.

हुकम कौर